बोरखेडच्या थांब्यावर

९ जानेवारी, गुरुवार

शेवटी हो म्हणालो. मूर्खपणा!

जिनदास दुकानातून घरी आला तो त्या रविकांतला सोबत घेऊनच. रविकांत म्हणजे वकिली चालत नाही म्हणून गावाचा अभिमान चालवायला घेतलेला गृहस्थ. कारंज्याला पहिली आगगाडी आली त्याचा सोहळा करायचा आहे म्हणे — बंद पडलेल्या स्टेशनावर, मांडव घालून, स्मरणिका काढून. गाडी बंद झाली तेव्हा यांच्यातल्या एकालाही तिचं सोयरसुतक नव्हतं. आता रुळांत बाभळी उगवल्या, फलाटावर बकऱ्या रवंथ करतात, आणि आता यांना वारसा आठवला!

मी नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवण्यात जन्म काढला, म्हणून मुख्य लेख मी लिहायचा. भाषणही मीच करायचं. "तुमच्याशिवाय कोण आहे सर" — सर म्हणताना या माणसाच्या ओठांवरून तूप गळतं. जिनदास नुसता मान हलवत होता. माझा धाकटा भाऊ. घर तो सांभाळतो, दुकान तो सांभाळतो, आईला तो सांभाळतो, आणि मी निवृत्त होऊन परत आलेला पाहुणा. हे तो कधी बोलून दाखवत नाही. बोलायची गरजच पडत नाही.

सोहळा दोन फेब्रुवारीला. गाडी नेमकी कधी आली ते समितीत कोणालाच ठाऊक नाही. दोन तारखेला रविवार आहे, मांडववाला मोकळा आहे. झालं!

११ जानेवारी, शनिवार

स्टेशन बघून आलो. तिकीटघराच्या खिडकीत कोणीतरी गोवऱ्या रचल्या आहेत. मला बरं वाटलं. निदान कशाच्या तरी उपयोगी पडतंय.

लेखाला सुरुवात केली. खरं लिहायचं तर दोन ओळींत संपतं — विलायती कंपनीने मूर्तिजापूरहून इकडे अरुंद रूळ टाकले ते आमच्या कापसासाठी. माणसं नंतर, कापूस भरून जागा उरली तर. त्याआधी यात्रेकरू मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरायचे आणि बैलगाड्यांनी हाडं खिळखिळी करत कारंज्याला पोचायचे. कोणी गुरुमंदिरात, कोणी आमच्या जैन मंदिरांत. छोटी गाडी आली आणि गर्दी वाढली, धर्मशाळा झाल्या, पेढ्यांची दुकानं झाली. श्रद्धा होतीच, तिला डबे जोडले इतकंच.

पण हे कोणाला नको आहे. रविकांतला हव्या आहेत गोष्टी. त्याचे आजोबा म्हणे चालत्या गाडीतून उतरायचे, बोरं वेचायचे आणि पळत जाऊन परत चढायचे. काल पेढेवाल्याच्या आजोबांनीही हेच केलं होतं. परवा न्हाव्याच्या आजोबांनी. या गावात प्रत्येकाच्या आजोबांनी बोरं वेचली. गाडीत बसून कोणाचे आजोबा कुठे पोचले की नाही, देव जाणे.

आणि आमच्या घरची गोष्ट तर सगळ्यांवर ताण! आमचे पणजोबा नेमासा. त्यांच्या नावाचा काळा दगड स्टेशनाच्या भिंतीत बसवायचा आहे — "यात्रेकरूंचे अन्नदाते". मूर्तिजापूर आणि कारंज्याच्या मध्ये बोरखेडचा थांबा होता. कापसाच्या हंगामात गाठी भरता भरता गाडी तिथेच उभी राहायची, आणि हिवाळ्यातला दिवस बुडायला लागायचा. आमच्यात सूर्य मावळला की अन्न नाही. कडक पाळणारे पाणीही घेत नाहीत. मग डबाभर जैन यात्रेकरू उपाशी! म्हणून नेमासांनी हंगामभर रोज बैलगाडीने बोरखेडला जेवण पाठवलं, अशी ही कथा.

जिनदासला विचारलं, पुरावा काय? म्हणाला, सगळ्यांना माहीत आहे. वा! मी असले पुरावे देणारी मुलं जन्मभर नापास केली.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सकाळी बोरखेडचा तो म्हातारा आला. नानाजी नाव. दर संक्रांतीला येतो म्हणे — डोक्यावर टोपली, टोपलीत हरभऱ्याचे घाटे, ऊस, बोरं, हुरड्याची कणसं, तिळाची पुरचुंडी. वर स्वच्छ फडकं. मी इतकी वर्षं संक्रांतीला नागपुरात असायचो, त्यामुळे हा तमाशा पहिल्यांदा पाहिला.

जिनदासला विचारलं हे काय. म्हणाला, जुनं कूळ असेल आपलं, पिढ्यांपासून आणतात. म्हणजे बघा! कूळकायदा होऊन जमाना लोटला, जमिनी गेल्या, आणि हा गृहस्थ अजून धन्याच्या दारात टोपली घेऊन उभा! लाचारीसुद्धा वारशाने मिळते. आणि आमचे शेठ तरी कोण! बोरांत किडे असतात, ती आपल्यात चालत नाहीत, म्हणून बोरं सरळ गाईपुढे. म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत! वर जिनदास आपल्या सुनेला, रिंकूला, म्हणाला, याला माझा एखादा जुना शर्ट दे. म्हातारा "राहू द्या" म्हणाला.

आईला भेटल्याशिवाय मात्र हलला नाही. तिच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसला. तिला चक्क "वहिनी" म्हणत होता! कोणत्या नात्याने? आईही कशी — त्याच्याशी हळूहळू बोलत बसली, आणि तो गेल्यावर त्याने आणलेला ऊस गाईला घालू दिला नाही. तिला तर दात नाहीत.

१५ जानेवारी, बुधवार

आईचं पाणी गाळणं सकाळभर चाललं होतं. घरात फिल्टर आहे, विजेवर चालतो, भरपूर किमतीचा. तरी फडकं दुहेरी करून स्वतः गाळणार. या वयात हात थरथरतात, अर्धं पाणी जमिनीवर. ही कसली अहिंसा!

१७ जानेवारी, शुक्रवार

समितीची बैठक. थर्मोकोलचं इंजिन करायचं ठरलं. त्यातून धूर काढायचा की नाही यावर चर्चा! एकाने सुचवलं की नेमासांच्या वेषात संयमने — म्हणजे जिनदासच्या मुलाने — बैलगाडीतून यायचं आणि पाहुण्यांना लाडू वाटायचे. संयम लाजला, पण फेटा कोणत्या रंगाचा ते लगेच विचारलं.

मी म्हटलं, नेमासांच्या अन्नदानाचं मी लिहिणार नाही, आधार नाही. रविकांत म्हणाला, "असे सांगतात" असं लिहा सर. या दोन शब्दांखाली या देशात काहीही लपवता येतं. जिनदासने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पणजोबांची अंगठी विकली.

२० जानेवारी, सोमवार

आज आईने बोलावलं. म्हणाली, दार लोटून घे.

स्मरणिकेत नेमासांचं काय लिहिणार ते विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही, पुरावा नाही. तिने मान हलवली — बरं केलंस म्हणाली! मी चकित. मग म्हणाली, तुझ्या पणजोबांनी कोणाला जेवू घातलं नाही, ते स्वतःच जेवले. आणि सांगायला लागली. तिने हे तिच्या सासूकडून, म्हणजे आमच्या आजीकडून, ऐकलेलं. मरताना वगैरे नाही. भाकरी थापताना.

आजी तेव्हा जेमतेम बारा वर्षांची, नवी नवरी. लग्न लावून वरात अमरावतीकडून कारंज्याला येत होती, नेमासा सासरे म्हणून सोबत. छोटी गाडी सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. मूर्तिजापूरला मोठी गाडी उशिरा पोचली, छोटी निघून गेली. रात्र तिथेच. सोबतच्या पुऱ्या शिळ्या झाल्या, आणि आदल्या दिवशीचं शिजलेलं आमच्यात खायचं नाही. दुसऱ्या दिवशी छोट्या गाडीत बसले तर गाडी बोरखेडला थांबली ती हलेचना. गाठी भरणं चालू. सूर्य कलला. नवरीला डब्यातच चक्कर आली.

थांब्याला लागून एक शेत, शेतात एक घर. घरात रंगूबाई. ती धावत आली. आता दुसऱ्याच्या चुलीवरचं, दुसऱ्याच्या विहिरीचं खायचं नाही हा एक नियम, आणि सूर्य मावळल्यावर खायचं नाही हा दुसरा! एक मोडल्याशिवाय पोरगी वाचत नव्हती. रंगूबाईने कांदा-लसूण नसलेलं तुरीचं वरण शिजवलं, भाकरी थापल्या. आणि पाणी यांना गाळून लागतं हे कळल्यावर घरातलं एकुलतं नवं लुगडं फाडलं, त्या फडक्याने यांच्यादेखत पाणी गाळलं. नवरी जेवली. मग वरातीतले सगळे जेवले. नेमासासुद्धा.

आई इथे थांबली. पुढचं तिच्याच शब्दांत लिहून ठेवतो —

"तिनं पैशे घेतले नाई. म्हणे, पोरगी सासरी पोचाच्या आंधी आमच्या घरची भाकर खाऊन चालली, आता ते आमची लेक झाली. येकदा माहेरी जेवाले धाडजा. आजेसासरे म्हणे, धाडतो. अन् कारंज्यात पाय ठेवल्याबरोबर सगळ्याईले बजावलं, हे कुठी बोलाचं नाई. सासूबाई मरेस्तोवर गेल्या नाई. तो नानाजी टोपली आणते ते कूळ म्हणून नाई रे बाबा. ते माहेरचं वाण होय."

मी म्हटलं, आई, ही फक्त ऐकीव गोष्ट आहे.

"तुया पुराव्याले घेऊन मी काय करू? मले तिथं जाऊन जेवाचं हाये. मराच्या आंधी."

इतकंच. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नव्वदीची ही बाई, आयुष्यात कोणाच्या घरी पाण्याचा घोट घेतला नाही, स्वतःच्या बहिणीकडेसुद्धा लोटा सोबत घेऊन जाते — ती बोरखेडला जेवणार!

२१ जानेवारी, मंगळवार

आईच्या सांगण्यावर विसंबायचं नाही म्हणून स्वतः बोरखेडला गेलो. फाट्यापर्यंत एसटी, पुढे पायी. धुळीने बूट खराब झाले.

थांब्याचा आता फक्त चबुतरा उरलाय, त्यावर तुरीच्या काड्या वाळत घातलेल्या. नानाजींचं घर शेजारीच, सिमेंटचं झालंय, रंग हिरवा. हिरवा म्हणजे किती हिरवा असावा! मला बघून म्हातारा इतका गडबडला की खाटेवरची गोधडी झटकताना स्वतःच अडखळला. सुनेला हाका. योगिनी तिचं नाव. तिने पाणी आणलं, चुलीवर वांगं भाजत होतं, म्हणाली, भाकर टाकते, जेवूनच जाजा.

मी म्हटलं पोट ठीक नाही. पाणीही नको, आत्ताच प्यालो.

माझा धर्मबिर्म काही नाही. मी नागपुरात चाळीस वर्षं वाटेल तिथे, वाटेल तेव्हा खाल्लं. प्रश्न स्वच्छतेचा आहे. माठावर झाकण होतं, पण ओगराळं कुठे टांगलेलं होतं ते मी पाहिलं. या वयात उगाच नसतं दुखणं कशाला! योगिनीने तांब्या उचलून नेला. 

गोष्ट त्याने तीच सांगितली, आईने सांगितली तशीच. रंगूबाई त्याची आजी. लुगड्याचा रंगसुद्धा सांगितला. पण एकाच घरात तोंडोतोंडी चालत आलेली गोष्ट म्हणजे इतिहास नव्हे. त्यांच्या घरात ते असं सांगतात, आमच्या घरात जिनदास तसं सांगतो. दोघांचाही स्वार्थ उघड आहे. म्हाताऱ्याला आपल्या आजीचं नाव दगडावर पाहिजे असणार, दुसरं काय!

परत येताना कारंज्याच्या स्टँडवर कचोरी खाल्ली. गरम होती.

२४ जानेवारी, शुक्रवार

जिनदासला सांगितलं सगळं. आधी हसला. मग आवाज चढवला. म्हणे, लोक काय म्हणतील, शेठच्या घरची नवरी वाटेत कोणाच्याही चुलीवरचं खाऊन आली? मंदिरात तोंड कसं दाखवू? मी म्हटलं, शंभर वर्षांपूर्वी खाल्लेली भाकर तुझ्या तोंडाला अजून कशी चिकटली? तो उठून गेला.

खरं सांगायचं तर मला मजा आली. जिनदासचा चेहरा एवढा पडलेला मी लहानपणानंतर पाहिला नव्हता.

संध्याकाळी रविकांत आला, तडजोड घेऊन. हा माणूस तडजोडीशिवाय आंघोळही करत नसेल. दगडावर नेमासा वर, ठळक. खाली बारीक अक्षरांत "सहकार्य — रंगूबाई, बोरखेड". सहकार्य! जणू तिने मांडवाला बांबू दिले.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला गेलो नाही. सर्दी.

२८ जानेवारी, मंगळवार

नानाजींना दुकानात बोलावलं होतं. गादीवर जिनदास, बाजूला रविकांत, कोपऱ्यात मी. म्हातारा पायरीवर बसला, आत ये म्हटलं तरी आला नाही, चपला शेणाने भरल्या आहेत म्हणाला. रविकांतने त्याला दगडाचा नमुना मोबाइलवर दाखवला — हे बघा तुमच्या आजीचं नाव. आता खूश?

म्हाताऱ्याने मोबाइल दूर धरून बघितला. परत दिला.

"नाव कायले पायजे, शेठ? आमची आजी काई दगडासाठी रांधत नव्हती. आमच्या घरी तवापासून येकच गोष्ट सांगतेत का शेठाइकडून लेक जेवाले येनार हाये. माया बापानं वाट पाह्यली, आता मी पाहून राह्यलो. तुमच्या घरचं कोणी येकदा येऊन जेवा. मंग दगडावर कोणाचंबी नाव लिवा."

 रविकांतने चहा सांगितला. म्हातारा चहा न पिताच गेला. बाजाराची बस चुकेल म्हणाला.

माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. कशाला पाहील! मी फक्त लेखक.

जिनदास नंतर म्हणाला, बरं झालं, त्यालाच नाव नको आहे. दगड मूळच्याप्रमाणे. प्रश्न सुटला! असा माणूस व्यापारात का टिकतो हे आज कळलं. समोरच्याने जे मागितलं ते सोडून बाकी सगळं तो ऐकतो.

३० जानेवारी, गुरुवार

घरात भूकंप. आईने जाहीर केलं — दोन तारखेला सोहळ्यासाठी गाडी निघणारच आहे, तिथून ती बोरखेडला जाणार आणि दिवसाउजेडी जेवून येणार. जिनदास पाया पडला, रागावला, डॉक्टर काय म्हणतील म्हणाला, महाराजजींना विचारू म्हणाला. आई म्हणाली, महाराजांना विचारून मी माहेरी जाऊ का?

मग हळूच म्हणाला, बरं, जा. पण डबा आणि गाळलेलं पाणी घरून ने, तिथे नुसती बसून ये.

"नाई. त्याइच्या घरचंच खाईन, त्याइच्या घरचंच पानी पिईन. लोटा नेनार नाई मी."

 मी म्हणालो, मी नेतो आईला. कारण? काही उदात्त नाही. जिनदासचं तोंड बघायचं होतं. पण आईने माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. म्हणाली, दिवस असताना पोचव मले, बाकी काई नाई. मला कसंतरीच झालं. इतक्या हलक्या हाताचं इतकं वजन!

१ फेब्रुवारी, शनिवार

बोरखेडहून योगिनीचे रिंकूला सारखे फोन. वहिनीआजीला काय चालतं? मेथी चालते का? पीठ आजच दळून आणलं तर चालेल ना? गाळायला नवं फडकं आणलंय, पण एकदा धुवायचं का आधी? दात नाहीत तर भाकरी दुधात कुस्करायची का वरणात? रिंकूही फोनवर उड्या मारत उत्तरं देत होती. लग्नघर परवडलं!

आईने दुपारी पेटीतून लुगडं काढायला लावलं. रंग विटका, पण नेसणार तेच. मग मला तीनदा विचारलं, कार्यक्रम कधी संपेल. मी म्हटलं, चार वाजता सुरू, पाचच्या आत संपेल, गाडीने बोरखेड कितीसं दूर, सूर्य चांगला वर असेल. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. सूर्याचा हिशेब या बायकांना पंचांगाशिवाय येतो.

माझं भाषण तयार आहे. चांगलं झालंय. या लोकांनी आयुष्यात असं काही ऐकलं नसेल.

२ फेब्रुवारी, रविवार

सोहळा उशिराच सुरू झाला, पाहुण्यांची वाट बघत. थर्मोकोलचं इंजिन वाऱ्याने एकदा पडलं, एकदा उभं केलं. संयम फेटा बांधून बैलगाडीतून आला, बैल लाउडस्पीकरला बुजले आणि लाडू फलाटावर. बकऱ्यांची चंगळ! दगडावरचा पडदा ओढला — यात्रेकरूंचे अन्नदाते नेमासा. टाळ्या. रविकांत बोलला तेव्हा गाडीचं साल चुकलं, कंपनी चुकली, इंजिन कुठे बनलं तेही चुकलं. आजोबा आणि बोरं मात्र आली.

मग मी. एवढी खोटी विधानं झाल्यावर ती तशीच सोडणं शक्यच नव्हतं. एक एक घेऊन दुरुस्त केली. रूळ का अरुंद टाकले, कापूस कुठून कुठे गेला, यात्रेकरूंना कोणते डबे, तिकिटाच्या वर्गांत काय फरक. लोक ऐकत होते! मागच्या खुर्च्या रिकाम्या होत होत्या, पण पुढचे ऐकत होते. आई गाडीतच बसून होती, मांडवाच्या कडेला, काच खाली करून. रिंकूने मला दोनदा मनगटाकडे बोट दाखवलं. मला दिसलं. पण कापसाचा भाग अर्धा झाला होता, तिथे थांबलो असतो तर सगळ्याचाच विचका झाला असता. तिसऱ्यांदा ती मंचाजवळ आली तेव्हा मी हातानेच थांब म्हटलं.

अन्नदानाच्या दगडाबद्दल बोललो नाही. पुरावा ना इकडचा, ना तिकडचा.

टाळ्या पडल्या. रविकांतने शाल घातली, फोटो काढले, पुन्हा काढले.

पुढचं आज लिहवत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

काल आम्ही बोरखेडला पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता.

नानाजी अंगणात उभे होते. आईला आधार देऊन उतरवलं आणि तेच म्हणाले, वहिनी, दिवस गेला, आज राहा इथंच, सकाळी दिवस निघाला का जेवजा, आम्ही कुठी जातो? आत पाट मांडलेला, ताटाभोवती रांगोळी.  आईने आभाळाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं नाही. पाटावर जाऊन बसली आणि योगिनीला म्हणाली, "वाढ व माय."

जन्मभरात पहिल्यांदा माझी आई दिवस मावळल्यावर जेवली. सावकाश, ताट पुसून. पाणीही प्याली.

नानाजी जिनदासच्या ड्रायव्हरलाही जेवायला घेऊन बसले, रिंकूला घेऊन बसले. मी दारात उभा होतो, खांद्यावर शाल. मला भूक लागली होती. बस म्हणून कोणी म्हटलं नाही.